भरतीची वेळ पावणेदहा

तरुणपणी मी परदेशात बिनपगारी वार्ताहरकी केली आहे असं सांगितलं, की समोरचा माणूस खुर्ची पुढं ओढतो. "अरे वा! लंडनला?" मी म्हणतो, "नाही, कुलाबा जिल्ह्यात." मग तो खुर्ची होती तिथं नेतो आणि गार झालेला चहा प्यायला लागतो.

हसा खुशाल. पण स्वातंत्र्य मिळून दहा-अकरा वर्षं झाली होती त्या काळची गोष्ट आहे. सोलापुरातल्या, सिद्धेश्वराच्या तळ्यापेक्षा मोठं पाणी न पाहिलेल्या पोराला भाऊच्या धक्क्यावर लाँचमध्ये बसवा, रेवसला उतरवा, तिथून एस.टी.नं मुरुडच्या वाटेला लावा, आणि मग त्याला विचारा परदेश कशाला म्हणतात ते. बोली कळत नाही, हवा अंगाला चिकटते, आणि आम्ही पडलो लिंगायत, त्यामुळं गावभर पसरलेला सुक्या मासळीचा वास नाकात शिरला की जेवण खाली उतरत नाही. पासपोर्ट तेवढा लागला नाही.

मी गेलो एका जाहिरातीमुळं. 'साप्ताहिकासाठी शिकाऊ वार्ताहर पाहिजे. पगार नाही. राहण्याची सोय आहे. पोहता येत असल्यास उत्तम.' वडील गिरणीत कारकून होते आणि त्यांच्या शेजारची खुर्ची त्यांनी माझ्यासाठी साहेबांकडून राखून ठेवली होती, पाडव्यापर्यंत. "तोवर काय हौस ती फेडून घे," ते म्हणाले, "मग मुकाट्यानं येऊन बस." त्या खुर्चीला मी लहानपणापासून घाबरत होतो. तिच्यावर बसलेला माणूस तीस वर्षं हलत नाही, हे मी घरातच पाहिलं होतं. संक्रांत झाली आणि मी निघालो.

मुरुडच्या अलीकडे एका लहान खाडीच्या तोंडाशी ते गाव होतं. तात्या हे तिथले संपादक, मालक आणि छपाईवाले. मशीन पायानं चालवायचं असे, आणि पाय तात्यांचेच असत. पहिल्या दिवशी त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"पोहता येतं?"

"नाही."

"मासे खातोस?"

"नाही."

"मग आलास कशाला?"

"मला लिहिता येतं," मी छाती काढून म्हणालो.

"ते सगळ्यांनाच येतं. ऐकता येतं का ते बघू," तात्या म्हणाले. "शिमग्यापर्यंत राहा. तुला ठेवायचा की नाही ते मी ठरवणार नाही. बंदर ठरवेल."

बंदर ठरवेल म्हणजे काय, ते मला पहिल्याच शनिवारी कळलं. त्या दिवशी अंक निघे. सकाळी होड्यांची वाट बघत कोळणी बंदरावर बसलेल्या असत. त्यांच्यासमोर उभं राहून वार्ताहरानं अंक पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्यानं वाचायचा, असा तात्यांचा शिरस्ता होता. त्यातल्या एकीलाही अक्षरओळख नव्हती, पण असले संपादक मला पुढं तीस वर्षांत मोठमोठ्या कचेऱ्यांत भेटले नाहीत. कोंबडीचोराची बातमी मी 'अज्ञात इसमाने' अशी सुरू केली, तर मागून आवाज आला, "अज्ञात कशाला? धाकल्या आलीतला बाबू. आख्ख्या गावाला ठावं हाय."

ही बोलणारी गंगूमावशी. पन्नाशीची, आडव्या हाडाची, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिचा नवरा नाखवा, म्हणजे स्वतःच्या होडीचा मालक, पण मासळीचा भाव ती ठरवी. पुरुषांनी मासे किनाऱ्याला लावायचे, तिथून पुढचा कारभार बायकांचा. मी आधी पुरुषांना भाव विचारत हिंडलो तेव्हा ते हसून बायकांकडं बोट दाखवत. सोलापुरात हे कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

वार्ताहराचं काम बाहेरच्याला वाटतं तसं नसतं. दंगा, खून, मंत्री हे कधीतरी. रोज असतं ते मासळीचे भाव, एस.टी.ची बदललेली वेळ, कुणाच्या वाडीतले नारळ गेले, कुणाकडं बारसं झालं. आणि माणसं येतात. एक हाजीसाहेब यायचे, पूर्वी त्यांचा इमारती लाकडाचा व्यापार होता. ते दर पंधरा दिवसांनी स्वतःच्या निधनाची बातमी तपासून जात. पांढरी टोपी, अत्तराचा वास, आणि हातात माझ्याकडूनच लिहून घेतलेला कागद. "इथे 'मनमिळाऊ' लिहिलंय ते काढ, बेटा. खानदानात कुणी यकीन करणार नाही." मी म्हणालो, "हाजीसाहेब, एवढी घाई कशाला?" तर म्हणाले, "नंतर तुझ्या चुका दुरुस्त करायला मी येणार आहे थोडाच?" त्यांचा कागद शेवटपर्यंत सुधारत राहिला. ते मात्र मी तिथं होतो तोवर ठणठणीत होते.

आता मुख्य गोष्ट. आमच्या अंकात शेवटच्या पानावर भरती-ओहोटीचं कोष्टक असे. ते करणं सगळ्यात हलकं काम, म्हणून माझ्याकडं. तात्यांनी हिशेब शिकवला होता: तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीन वाजता पाणी भरलेलं. मी तो पाठ केला, पण मनातून मला ते थोतांड वाटे. माझ्या डोक्यात सोलापूरचा नळ होता. आमच्या नळाला सोमवारी सकाळी सहाला पाणी यायचं, पुढच्याही सोमवारी सहालाच. समुद्र काय वेगळा असणार?

शिवाय बंदरावर हे कोष्टक वाचायला लागलो की बायका फिदीफिदी हसत. "दर्या आमाला शिकवतंस व्हय रं?" गंगूमावशी म्हणे, "समोर पानी दिसतंय आन् ह्यो कागदात बगून सांगतो!" दोन शनिवार मी ते ऐकून घेतलं. तिसऱ्या शनिवारपासून कोष्टक वाचायचं गुपचूप सोडून दिलं. तात्यांना सांगितलं नाही.

पुढच्याच आठवड्यात तात्या अलिबागला कोर्टाच्या कामाला गेले. शुक्रवारी अंक लावायला मी आणि आमचे विठोबा कंपॉझिटर, दोघंच. वेळ कमी होता. मागच्या आठवड्याचं कोष्टक शिशाच्या खिळ्यांत जुळवलेलं तसंच छपाईच्या दगडावर पडलेलं होतं. मी विठोबांना म्हणालो, "वार तेच आहेत. फक्त तारखा बदला." विठोबा म्हणाले, "मी खिळे जुळवतो, मजकूर वाचत नाही. जबाबदारी तुमची." तारखा बदलल्या, अंक छापला. तासभर वाचवला म्हणून मी स्वतःवर खूष होतो. एक कप चहा जास्त घेतला.

शनिवारी सकाळी मी कोष्टक गाळून बंदरावर अंक वाचून आलो, तोच आमचे शाळामास्तर छापखान्यात आले. तेही देशावरचेच, बदलून आलेले. त्यांच्या मुलीचं, कुसुमचं, लग्न सोमवारी होतं, मुहूर्त साडेअकराचा. वऱ्हाड रोह्याकडून एस.टी.नं पलीकडच्या काठाला उतरणार आणि तरीनं, म्हणजे उतारूंच्या होडीनं, खाडी ओलांडणार. भरती असली की ही तर थेट आमच्या धक्क्याला लागे. ओहोटीला मधल्या प्रवाहात तेवढं पाणी उरे, आणि अलीकडं दोनशे पावलं नुसता चिखल.

"सोमवारी भरती कितीला?" मास्तरांनी विचारलं.

मी ताजा अंक ऐटीत उघडून दाखवला. "पावणेदहा."

"वा! म्हणजे अगदी वेळेवर." मास्तरांनी त्या ओळीखाली शाईनं रेघ मारली आणि तोच अंक एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती व्याह्यांकडं पाठवून दिला. दारात समुद्र, भोवती शंभर कोळी, आणि आम्ही दोघं शिकलेले देशावरचे गृहस्थ कागदात पाणी बघत होतो.

सोमवारी माघ वद्य पंचमी होती. पाच पाऊण पावणेचार. म्हणजे भरती दुपारी पावणेचारला, आणि पावणेदहाला नेमकी ओहोटी. मी नऊच्या सुमाराला लग्नाची बातमी घ्यायची म्हणून धक्क्यावर गेलो आणि बघतो तर खाडी जागेवर नाही! काळाकुळकुळीत चिखल, त्यात खेकडे हिंडताहेत, आणि लांब मध्ये पाण्याची एक पट्टी. गंगूमावशी सहा जणींबरोबर जाळी निवडत बसली होती. पुरुष सगळे होड्या घेऊन बाहेर गेलेले.

"मावशी, पाणी कुठं गेलं?"

"ओहोटी हाय. कुठं जानार?"

"पण आज पावणेदहाला भरती आहे ना?"

तिनं माझ्याकडं बघितलं. "कोन बोल्ला?"

मी काखेतला अंक पाठीमागं लपवला. त्यावरून तिला कळलं.

एवढ्यात वऱ्हाडाची तर आली. प्रवाहाच्या अलीकडच्या कडेला येऊन रुतली ती रुतलीच. तरीत चौदा माणसं, मुंडावळ्या बांधलेला नवरदेव, आणि उभे राहून हातवारे करणारे व्याही. तरवाला बापडा पलीकडं सांगून थकला होता, "शेट, पानी न्हाय, दुपारी या." पण व्याह्यांनी त्याच्या नाकासमोर अंक नाचवला होता, "मूर्खा, पेपरात छापलंय!" आता तोच अंक ते आमच्या दिशेनं नाचवत होते.

"कोण छापतं हा पेपर?" चिखलावरून आवाज आला.

"तात्या!" मी ओरडलो. "ते बाहेरगावी गेलेत!"

ही माझ्या आयुष्यातली सगळ्यात भित्री ओळ. आजही आठवली की कानाच्या पाळ्या गरम होतात.

मास्तर धावत आले, चिखल बघितला आणि धक्क्याच्या दगडावर मटकन बसले. "मुहूर्त गेला," ते म्हणाले. "आधीच व्याही तिरसट. माघारी फिरतील हो. माझ्या पोरीचं काय होईल?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या चौकटीत घातलेले आकडे कुणाच्या तरी पोरीच्या लग्नाला जाऊन भिडतात, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

गंगूमावशीनं जाळं बाजूला टाकलं. "मास्तर, रडू नका. उठा. पोरींनो, माजी बाज आना."

अंगणातली सुंभाची बाज आली. काष्टे आवळले, चौघींनी खुरांना खांदे दिले आणि त्या चिखलात उतरल्या. तिघी बदलीला बरोबर. चिखल गुडघ्यापर्यंत, पण त्या रस्त्यावरून चालाव्यात तशा गेल्या. नवरदेव पहिल्या फेरीत आला. दोन्ही हातांनी बाज घट्ट धरून, डोळे मिटून, मुंडावळ्या वाऱ्यावर उडताहेत. दुसऱ्या फेरीला व्याही अडून बसले. "बायकांच्या खांद्यावरून? मी? शक्य नाही!" असं म्हणून त्यांनी स्वतः पाय टाकला, आणि एक जोडा चिखलानं गिळला. दुसरं पाऊल भलतीकडं टाकलं तर कमरेपर्यंत गेले.

"बसा गप बाजंवर," गंगूमावशी त्यांना उचलत म्हणाली. "पाटीतलं म्हावरं बोंब मारत न्हाय, तं तुमी कशाला मारता?"

बसले. मुकाट. नंतर एक म्हाताऱ्या आत्या आल्या, त्यांनी मात्र बाजेवरून उतरताना सांगितलं की अशी मजा स्वतःच्या लग्नातसुद्धा आली नव्हती. बाकीची मंडळी धोतरं-लुगडी वर खोचून त्या बायकांच्या पावलावर पाऊल टाकत आली. मी काय केलं? मी जोडा शोधला. कोपरापर्यंत हात घालून अर्धा तास चिखल चाचपला आणि अक्षता पडल्यावर तो सापडला. लग्न साडेअकराला लागलं. मास्तरांनी पहिल्या पंगतीला त्या सातजणींना मानानं बसवलं.

मी मास्तरांना खरं सांगितलं. ते पानावर वाढता वाढता थांबले आणि म्हणाले, "चूक माझीही आहे. विचारायला माणसं होती, मी पेपर उघडला."

तात्या परत आले. सगळं ऐकून घेतलं. ओरडले नाहीत, तेच वाईट. "चूक तू केलीस, बातमी तू लिही. पहिल्या पानावर."

मी जीव ओतून लिहिलं. चूक कबूल केली, क्षमा मागितली, चिखल रंगवला, व्याह्यांचं नाव-गाव, नवरदेवाचं शिक्षण, भटजी, तरवाला, जोड्याचा रंगसुद्धा. तात्यांनी छपाईआधी मुद्रित वाचलं, माझ्याकडं एकदा पाहिलं, आणि एवढंच म्हणाले, "वाच बंदरावर."

शनिवारी वाचलं. बायका खूप हसल्या, जोड्यापाशी तर डोळ्यांतून पाणी आलं त्यांच्या. मग शेवटचं वाक्य आलं: 'या कामी कोळीवाड्यातील काही स्त्रियांचे साहाय्य झाले.' मी अंक मिटला. कुणी हसेना.

"झाला?" गंगूमावशीनं विचारलं.

"झाला."

"तरवाल्याचं नाव घातलंस. भटाचं घातलंस. जोडा कंचा व्हता ते पन घातलंस. आमी कोन रं? काही?"

सातजणी उठल्या, पाट्या उचलल्या आणि निघून गेल्या.

त्यानंतरचे दोन शनिवार मी मोकळ्या बंदराला अंक वाचून दाखवला. म्हणजे माणसं होती, पण पाठमोरी. भाव कुणी सांगेना, बातमी कुणी देईना. तात्यांनी भावांच्या जागी छापलं, 'या आठवड्यात भाव समजले नाहीत.' कोळीवाड्याजवळच्या गावात साप्ताहिकानं असं छापायचं, म्हणजे नाक कापून घेणंच. शिमगा आठवड्यावर आला होता. वडिलांचं पत्रही आलं: खुर्ची झाडून ठेवली आहे.

मी तात्यांना म्हणालो, "तुम्ही मुद्रित वाचलं होतंत. तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"मी सांगितलं असतं तर तू नावं घातली असतीस," तात्या म्हणाले. "समजलं नसतं."

मी सोमवारी सकाळी कोळीवाड्यात गेलो. पहिल्याच दारात म्हणालो, "माझं चुकलं. नाव सांगा, लिहून घ्यायला आलोय." ती बाई बोंबील वाळत घालत होती. तिनं ओल्या बोंबलांची पाटी माझ्याकडं सरकवली. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी बांबूवर टाकायची. आमच्या आईनं पाहिलं असतं तर मला उंबऱ्यातून आत घेतलं नसतं. मी श्वास धरला आणि पाटी संपवली. मग तिनं नाव सांगितलं. दुसऱ्या दारात दुसरी पाटी. त्यांचं आपसांत ठरलेलंच होतं. चार दिवसांत सहा पाट्या आणि सहा नावं. बोटांचा वास साबणानं जाईना, पण चौथ्या दिवशी तो मला येईनासा झाला होता.

सातवं दार गंगूमावशीचं. तिनं पाटी दिली नाही. बाजेवर बसवलं, तीच ती बाज.

"नाव सांगा, मावशी."

"कंचं?"

"म्हणजे?"

"गंगू हे सासरचं. लगनात ठेवलं. सासूच्या मनात आलं ते." तिनं बाजेचं सैल झालेलं सुंभ ओढून घट्ट केलं. "थळला म्हायेरी व्हते तवा चांगुना व्हते. आई गेली, बाप गेला. आता त्या नावानं हाक मारनारं कोनी न्हाय." मग पटकन उठत म्हणाली, "ते घाल. बगू छापून कसं वाटतं."

शिमग्याच्या शनिवारी सगळ्या होड्या घरी होत्या. बंदरावर बायका तर होत्याच, नटूनथटून आलेले पुरुषही होते. तात्या मागं उभे होते. मी आधी कोष्टक वाचलं, सगळंच्या सगळं, आणि यावेळी कुणी हसलं नाही. गंगूमावशी प्रत्येक वेळेला मान हलवत होती. मग पहिल्या पानावरची चौकट वाचली. 'मास्तरांच्या कन्येचा मुहूर्त पुढील सातजणींनी वाचवला.' एकेक नाव आलं तसं हशा, टाळ्या, कुणी कुणाला कोपर मारतंय. सहा झाली. मग मी वाचलं, "चांगुणा, मूळची थळची."

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. "ही कोन? सातवी तं गंगू व्हती!" नाखवा तर सगळ्यांत मोठ्यानं म्हणाला, "अरे पोरा, परत चुकलास! ही चांगुना कोन हाय?"

"तीस वरसं भात घालतेय तुला, ती हाय!" गंगूमावशी म्हणाली आणि सगळं बंदर फुटलं. नाखव्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. ती हसत होती, पण तिनं पदर डोळ्यांना लावला. मग माझ्याजवळ आली, अंकावर बोट ठेवून म्हणाली, "कुठं हाय?" मी दाखवलं. "वाच." वाचलं. "परत वाच." परत वाचलं.

तो अंक तिनं घडी करून कमरेला खोचला. छापलेल्या सगळ्या प्रती त्या दिवशी कोळीवाड्यात गेल्या. पुढं माझं नाव मोठमोठ्या दैनिकांत आलं, ती कात्रणं कपाटभर आहेत. ज्या एका अंकाचा मला खरा अभिमान वाटतो, त्याची प्रत मात्र माझ्याकडं नाही, आणि साप्ताहिक बंद पडल्यावर ती मागायला मी कधी गेलो नाही. जायला हवं होतं.

तात्या पुढं आले. "गंगूबाई, शिमगा झाला. काय करायचं ह्याचं? ठेवू की सोलापूरला पाठवू?"

तिनं माझा हात धरून नाकाशी नेला, वास घेतला.

"ठेवा," ती म्हणाली. "दर्या कळत न्हाय त्याला. पन आता इचारतो."